डिस्चार्जनंतरचे ९० दिवस : शिरूर-दौंडमधून हार्ट फेल्युअरच्या उपचारांचा आढावा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर देशभरातल्या ५३ रुग्णालयांनी हार्ट फेल्युअरच्या १०,८५१ रुग्णांची नोंद ठेवली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदांपुरते राहावेत असे नाहीत. रुग्णांचे सरासरी वय साठच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य नोंदींपेक्षा ते सुमारे दहा वर्षांनी कमी आहे. रुग्णालयात असतानाच १०० पैकी सुमारे ७ जण दगावले आणि ९० दिवसांनी हा आकडा १४ वर पोचला. याचा अर्थ, जवळपास निम्मे मृत्यू ‘आता बरं आहे, घरी न्या’ असे सांगून झाल्यावरचे आहेत.

हे ९० दिवस रुग्ण शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराटा किंवा टाकळी हाजीत, नाहीतर दौंड तालुक्यातल्या रावणगाव किंवा केडगावात काढतो. ज्याने त्याला आयसीयूतून बाहेर काढले तो तज्ज्ञ पुण्यात असतो. हार्ट फेल्युअरच्या तज्ज्ञ डॉक्टरचे काम नेमके काय, त्यातले किती पुण्यातच व्हायला हवे आणि किती तालुक्याला होऊ शकते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

रोग कुठून येतो

नोंदवहीतल्या दर दहा रुग्णांपैकी सात जणांचे हृदय रक्तवाहिन्यांच्या आजाराने दुबळे झालेले होते. आधी अटॅक येतो, हृदयाच्या स्नायूचा एक भाग मरतो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उरलेला भाग थकतो. अटॅकच्या दिवशी रक्तवाहिनी जितक्या लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. म्हणून रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कामगाराने छातीतली जळजळ ‘ॲसिडिटी’ म्हणून रात्रभर अंगावर काढली, तर त्याची किंमत पुढे हार्ट फेल्युअरच्या ओपीडीत मोजावी लागते. ईसीजी दूरवरच्या तज्ज्ञाला तत्काळ दाखवून उपचार सुरू करण्याचा ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्प आणि २०१४ पासून धावणारी १०८ ची रुग्णवाहिका या दोन्ही गोष्टी म्हणूनच हार्ट फेल्युअरच्या प्रतिबंधातही मोडतात.

दुसरे कारण रक्तदाब. तो दुखत नाही, त्यामुळे ‘बरं वाटलं’ की गोळी बंद होते. तिसरे कारण लहानपणच्या सांध्यांच्या तापाचे. घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, उतरतात आणि हृदयाची झडप मात्र आक्रसत जाते. असे रुग्ण संख्येने आता थोडे आहेत, पण ते वयाने तरुण असतात आणि त्यांत स्त्रिया अधिक. पहिल्या बाळंतपणात दम लागल्यावर झडपेचा आजार कळावा, ही आजही न संपलेली गोष्ट आहे. दर तीन आठवड्यांचे पेनिसिलीनचे इंजेक्शन नेमाने घेतले तर झडपेचे पुढचे नुकसान बहुतांशी टळते. दारू, मधुमेह, थायरॉइड, रक्तक्षय आणि बाळंतपणाच्या आगेमागे स्नायूच दुबळा होणे, ही यादीतली पुढची नावे.

या भागात निदानाचा गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे चुलीचा धूर. शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात झालेल्या संशोधनातून, कधी बिडी-सिगारेट न ओढलेल्यांतही सीओपीडी हा फुफ्फुसाचा जुनाट आजार आढळतो हे पुढे आले आहे. त्यामुळे साठीतल्या एखाद्या आजीला दम लागतो तो फुफ्फुसामुळे की हृदयामुळे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. पंप आणि नेब्युलायझरवर महिने काढल्यावर कोणीतरी टू-डी इको करायला सांगतो आणि तेव्हा ‘पंपिंग ३० टक्के’, म्हणजे हृदयाचा रक्त ढकलण्याचा जोर खूप कमी, असा कागद हातात पडतो. बीएनपी नावाची रक्तचाचणी हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवते. ती साधारण आली तर दम हृदयामुळे नसण्याची शक्यता मोठी असते. अडचण तिच्या किमतीची आणि उपलब्धतेची आहे.

चार गोळ्या आणि त्यांचा डोस

हार्ट फेल्युअरवरच्या औषधांचा इतिहास १७८५ पासून सांगतात. त्या वर्षी विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने अंगावरच्या सुजेसाठी फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचा उपयोग पुस्तकरूपाने मांडला. त्याच कुळातले डिगॉक्सिन आजही काही रुग्णांना दिले जाते. मात्र १९९७ च्या मोठ्या चाचणीत दिसले की त्याने रुग्णालयाच्या खेपा कमी होतात, आयुष्य वाढत नाही. आयुष्य वाढवणारी पहिली गोळी एनालॅप्रिल. १९८७ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या अतिगंभीर रुग्णांवर ती वापरली गेली आणि सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. १९९९ मध्ये मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल आणि स्पायरोनोलॅक्टोन यांनी मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटवल्याचे सिद्ध झाले. २०१४ मध्ये एनालॅप्रिलच्या जागी देता येणारे सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन आले आणि २०१९ मध्ये मधुमेहाचे डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्यांच्या हृदयालाही उपयोगी पडते हे कळले. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी पंपिंग कमी झालेल्या रुग्णासाठी या चारही गटांतली औषधे पहिल्या फळीची ठरवली.

ही औषधे आता महाग राहिलेली नाहीत. डॅपाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट भारतात २०२० मध्ये संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या घरातली गोळी दहाच्या आसपास आणि त्याहून खाली आली. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनच्या देशी कंपन्यांच्या गोळ्या २०२३ पासून मिळू लागल्या. बाकीच्या दोन गटांतल्या गोळ्या तर वर्षानुवर्षे स्वस्तच आहेत. तरीही राष्ट्रीय नोंदवहीत पंपिंग कमी असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांनाही शिफारशीप्रमाणे औषधे मिळत नव्हती.

याचे कारण चिठ्ठी लिहिण्यात नाही, पुढच्या भेटीत आहे. बिसोप्रोलॉल सव्वा मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि दहापर्यंत न्यायचे असते. प्रत्येक पायरीला नाडी, रक्तदाब आणि वजन पाहावे लागते. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. हे झाले नाही तर रुग्ण पहिल्याच पायरीवर राहतो. उलट, वरचे बीपी १०० दिसले की गावातला डॉक्टर घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करतो. चक्कर येत नसेल आणि लघवी नीट होत असेल तर हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला १०० चालते, एवढा एक निरोप वेळेवर मिळाला असता तर हे टळले असते. डोस वाढवणे आणि वाढवलेला टिकवणे हे या तज्ज्ञाचे निम्मे काम आहे. ते कॅथलॅबमध्ये होत नाही, ओपीडीतल्या खुर्चीवर होते.

ओपीडीतली पंधरा मिनिटे

रुग्ण चालत आत येतो तिथपासून तपासणी सुरू होते. वाक्य पुरे करताना मध्येच श्वास घ्यावा लागतो का? रात्री किती उशा घेता? दम लागून झोपेतून उठता का? विहिरीवरून घरी येताना मागच्या महिन्यात कितीदा थांबत होता आणि आता कितीदा? मग डोके थोडे उंचावर ठेवून मानेची शीर पाहायची, छातीच्या तळाला स्टेथोस्कोप लावायचा, नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरायचा आणि खड्डा किती खोल पडतो, किती वेळाने भरतो ते बघायचे. टू-डी इकोचा कागद महत्त्वाचा आहे, पण आज गोळी वाढवायची की लघवीची गोळी दुप्पट करायची हे त्या अंगठ्यावर जास्त ठरते.

नंतर औषधांची कॅरीबॅग टेबलावर उलटी करायची. तिच्यातून खरी हकिकत बाहेर पडते. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू असते. गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याने दिलेली दुखण्याची गोळी निघते. ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, मूत्रपिंडावर ताण आणते आणि महिन्याची मेहनत आठवड्यात वाया घालवते. कसलीशी पुडी निघते, तिच्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी लागते. ‘वरून मीठ घेत नाही हो’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते खोटेही नसते. मीठ असते ते ठेच्यात, लोणच्यात, पापडात, सुकटीत आणि चहाबरोबरच्या फरसाणात. कोणी आपल्या मनाने ‘लो-सोडियम’ मीठ आणलेले असते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेल्या आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाला ते धोक्याचे ठरू शकते.

लघवीच्या गोळीचा हिशेब तर समाजाचाच आहे. एसटीने पुण्याला जायच्या दिवशी ती गोळी कोणी घेत नाही, कारण गाडी वाटेत थांबत नाही. नेमका तोच दिवस तपासणीचा असतो, त्यामुळे डॉक्टरला सूज वाढलेली दिसते. उसाच्या फडात कोयता घेऊन दिवसभर राबणारी बाई आडोसा नाही म्हणून गोळीच टाळते आणि पाणीही. ‘गोळी सकाळऐवजी कामावरून आल्यावर चारला घ्या’ असा साधा बदल तिला चालतो; पण तो सुचवायला आधी ती काय करते हे विचारावे लागते. यवत-वरवंडवरून तुकोबांची पालखी जाते तेव्हाही तोच प्रश्न येतो. वारी सोडणार नाही असे ठाम सांगणाऱ्या माउलींना ‘जाऊ नका’ म्हणून उपयोग नसतो. किती टप्पे चालायचे, किती गाडीत बसायचे, कुठली गोळी कधी घ्यायची आणि कुठल्या लक्षणाला थांबायचे, हे लिहून दिले तर ते पाळले जाण्याची आशा असते.

आणि शेवटी नातेवाईक रुग्णाला बाहेर पाठवून विचारतात, ‘डॉक्टर, किती दिवस आहेत?’ या प्रश्नाला आकड्याने उत्तर देता येत नाही आणि तो टाळताही येत नाही. रुग्णाला अंधारात ठेवून त्याच्याकडून रोजचे वजन, मोजून पाणी आणि आयुष्यभराच्या गोळ्या यांची शिस्त मागता येत नाही, हे घरच्यांना पटवणे हाही उपचारच आहे.

सत्तर किलोमीटरचा खर्च

दौंड रेल्वेचे जंक्शन आहे. तिथून पुणे सुमारे ७५ किलोमीटर, आणि ससून रुग्णालय पुणे स्टेशनाला लागूनच. शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. घोडनदीहून, म्हणजे शिरूर शहरातून, निघालेल्या माणसाला शिक्रापूर, सणसवाडी, लोणीकंद आणि वाघोलीची वाहतूक कोंडी पार करत नगर रस्त्यानेच यावे लागते. दौंडचा असो वा शिरूरचा, रुग्णाचा दिवस जातो, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. जिल्ह्याच्या सीमेपलीकडच्या श्रीगोंदा-पारनेरकरांचे अंतर याहून जास्त.

सरकारी रचनेत शिरूर, न्हावरे, यवत इथे ग्रामीण रुग्णालये आणि दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या मंजूर पदांच्या साच्यात हृदयरोगतज्ज्ञ बसत नाही. तो असावा अशी अपेक्षाही व्यवहार्य नाही. एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमडी आणि आणखी तीन वर्षे डीएम करून आलेला माणूस कॅथलॅबच्या आसपासच राहणार. खासगीत ठरावीक वारी पुण्याहून येणारे तज्ज्ञ असतात, पण पुढच्या वारापर्यंत रुग्णाची सूज थांबून राहत नाही.

‘योजनेत बसतं का?’ हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना २०२४ पासून सर्व कुटुंबांसाठी पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. अँजिओप्लास्टी, बायपास आणि झडपेची शस्त्रक्रिया यांसाठी तिने मोठा आधार दिला आहे. परंतु ही योजना मुळात दाखल होण्याभोवती बेतलेली आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या ओपीडीच्या गोळ्या आणि तपासण्यांचा बहुतेक भार घरावरच राहतो. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे असल्याने तो निर्णय त्याला लागू झाला नाही, हे तिथे पोचल्यावर कळते. औद्योगिक वसाहतींतल्या २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ईएसआयचा आधार आहे आणि त्यात ओपीडीची औषधेही येतात; मात्र कंत्राट संपले की तोही सुटतो.

यातून एक विचित्र व्यवस्था उभी राहते. रुग्ण दम लागून आयसीयूत आला तर हजारो रुपये खर्च होतात, पण तो येऊ नये म्हणून लागणाऱ्या नर्सच्या फोनला कुठलेच पॅकेज नाही.

पाठपुरावा कोणी करायचा

या प्रश्नावर जगभरात तीस वर्षे काम झाले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे वयस्क रुग्णांना नर्सच्या देखरेखीखाली शिकवण, आहाराचा सल्ला, औषधांची छाननी आणि घरी पाठपुरावा दिला गेला. ९० दिवसांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले. २००१ मध्ये ग्लासगोतल्या प्रशिक्षित नर्सनी घरी जाऊन डोस सांभाळले, तिथेही हार्ट फेल्युअरसाठीच्या खेपा कमी झाल्या.

मग तंत्रज्ञानाने हे सोपे होईल असे वाटले. २०१० च्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत रुग्णांनी रोज स्वयंचलित फोनयंत्रणेला आपली लक्षणे आणि वजन सांगायचे होते. फायदा काहीच दिसला नाही. २०१८ मध्ये जर्मनीत तशीच दूरदेखरेख झाली. फरक इतकाच की माहिती चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेल्या केंद्रात जात होती आणि तिथून लगेच औषध बदलले जात होते. मृत्यू घटले. टेलिमेडिसिनच्या घोषणा करणाऱ्यांनी या दोन निकालांतला फरक नीट वाचावा. दुसऱ्या टोकाला ऐकणारा आणि निर्णय घेणारा माणूस असेल तरच वजनाच्या आकड्याला अर्थ येतो.

२०२२ ची स्ट्राँग-एचएफ चाचणी तर आपल्या प्रश्नाला थेट भिडते. १४ देशांतल्या १,०७८ रुग्णांपैकी एका गटाची औषधे डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत नेली. त्यासाठी एक, दोन, तीन आणि सहा आठवड्यांनी रुग्णाला बोलावून तपासले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणे नेहमीच्या पद्धतीत २३ टक्के होते, या गटात १५ टक्के. औषधे तीच होती, फरक डोस लवकर वाढवण्याचा आणि त्यासाठीच्या भेटींचा. या भेटी टाकळी हाजीच्या माणसाने पुण्यात जाऊन दीड महिन्यात चारदा द्याव्यात अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला उपचार नाकारणेच आहे. घोडनदीत किंवा दौंडात मात्र त्या सहज होऊ शकतात.

हाताशी असलेले

तालुक्याच्या पातळीवर असे काम होऊ शकते का, असे विचारणाऱ्याने वढू बुद्रुककडे पाहावे. १९७० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी याच शिरूर तालुक्यात गावातल्या बायकांना शिकवून आरोग्यसेवक बनवले. १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तिथे शिरूर-हवेलीतल्या २२ गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली जाते. घरोघर जाऊन माहिती घेण्याची आणि ती वर्षानुवर्षे टिकवण्याची शिस्त या मातीत आहे.

शेजारच्या साताऱ्यासह राज्यातल्या चार जिल्ह्यांत २०१७ च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. औषधांचा एकच ठरलेला क्रम, महिन्याच्या गोळ्या एकदम देणे, आला नाही त्याला फोन करणे, हे त्याचे सूत्र. हार्ट फेल्युअरसाठीही तेच सूत्र लागू पडते. गावपातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई आहेत, ई-संजीवनीवरून तज्ज्ञाचा सल्ला मिळू शकतो. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत हार्ट फेल्युअरसाठी राष्ट्रीय केंद्र आहे. तिथून प्रशिक्षणाचा धडा घेता येईल. वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, पोटॅशियम-क्रिएटिनिनची सोय, एक एमडी फिजिशियन, एक शिकवलेली नर्स आणि एक रजिस्टर, एवढ्यावर तालुक्याचे क्लिनिक उभे राहते.

पुण्यातल्या तज्ज्ञाचे काम त्यामुळे कमी होत नाही, त्याला फक्त नेमके रूप येते. निदान पक्के करणे, कोणाला अँजिओप्लास्टी किंवा झडपेची दुरुस्ती हवी ते ठरवणे, अचानक मृत्यू टाळणारे आयसीडी किंवा हृदयाच्या दोन बाजूंचा ताल जुळवणारे सीआरटी कोणाला बसवायचे ते निवडणे, आणि औषधांना न जुमानणाऱ्या थोड्यांना प्रत्यारोपणासाठी पाठवणे हे त्याचेच काम. देशातले पहिले हृदय प्रत्यारोपण १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केले; रुग्ण काही तासच जगला. आज निकाल कितीतरी चांगले आहेत, तरी मिळणारी हृदये इतकी कमी की हा मार्ग मोजक्यांचाच. बाकीच्यांसाठी अखेरच्या टप्प्यात दम, वेदना आणि भीती कमी करणारी सेवा लागते. पुण्यात वारज्याला १९९७ पासून असे केंद्र आहे, पण आपल्याकडची ही सेवा प्रामुख्याने कर्करोगाभोवती वाढली. हृदयाच्या रुग्णाचा शेवट अजूनही बहुधा आयसीयूत किंवा रुग्णवाहिकेत होतो.

सगळे पाहिल्यावर निष्कर्ष सरळ निघतो. शिरूर आणि दौंडला कॅथलॅब येईल तेव्हा येवो. त्याआधी दौंडच्या उपजिल्हा आणि शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस हार्ट फेल्युअरची ओपीडी ठेवावी, प्रत्येक डिस्चार्जची माहिती पुण्याच्या रुग्णालयाने तिथल्या नर्सला कळवावी आणि या भेटी व तपासण्या जन आरोग्य योजनेत पॅकेज म्हणून घ्याव्यात. यातले काहीही नवे संशोधन मागत नाही.

आणि घरात असा रुग्ण असेल त्यांच्यासाठी : सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि बरे वाटते म्हणून हृदयाची एकही गोळी स्वतःहून बंद करू नका.